चार मिनिटं लवकर

४ जानेवारी

प्रिय आत्या,

कॅसेट सोबत आहे. आधी पत्र वाच, मग वाजव. तुझी सवय मला ठाऊक आहे, पाकीट नीट फाटायच्या आत तू बटण दाबून मोकळी होतेस.

गेल्या आठवड्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या व्यायामाच्या वर्गात मी मागे घड्याळ घेऊन बसले होते. तुला वाटलं, पोरगी कंटाळली. कंटाळले नव्हते, मोजत होते. मी भरून दिलेलं चार मिनिटांचं गाणं तुझ्या कॅसेट-प्लेअरवर चार मिनिटं वीस सेकंद चाललं. आतला रबरी पट्टा सैल झालाय. म्हणजे तुझ्या अकरा बायका गेले कित्येक महिने गुळाच्या पाकात पडल्यासारख्या उड्या मारतायत आणि त्यांना वाटतंय की आपलं वय झालं!

नवीन यंत्र घे म्हटलं तर तू घेणार नाहीस. "चालतंय ना, मग झालं" हे वाक्य मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय. म्हणून मीच इथून इलाज केलाय. माझ्या टर्नटेबलवर वेगाचं एक सरकतं बटण असतं. ते पार टोकाला ढकललं की तबकडी आठ टक्के जलद फिरते. तुझ्यासाठीची प्रत्येक कॅसेट मी यापुढे बटण टोकाला ठेवूनच भरणार. सुरुवातीला मी "एक, दोन, तीन, चार" म्हणते ना, तेही तसंच भरलंय. इथे ऐकलं तर माझा आवाज चिमणीसारखा येतो. तुझ्या दमलेल्या यंत्रावर गेलं की सगळं बरोबर होईल. दोन चुकांचं एक बरोबर. फक्त ही कॅसेट दुसऱ्या कुठल्या यंत्रावर लावू नकोस.

माझं बरं चाललंय. स्केटिंगच्या हॉलमध्ये बूट ठेवायच्या कपाटांमागे काचेचं एक खोपटं आहे, तेच माझं राज्य. दुपारी तीन ते सात. समोर पोरंटोरं चाकांवर गोल गोल फिरतात आणि मी तबकड्या लावून त्यांना फिरवते. बुटांचा वास येतो, पण तोही आता आपलासा वाटतो.

तुझी,
भिंगरी


१३ जानेवारी

चि. भिंगरी,

आधी बटण दाबलं, मग पत्र वाचलं. आता फाशी देतेस का?

तुझं ते टक्क्यांचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं, पण पायांना बरोबर कळलं. सोमवारी वर्ग असा काही रंगला की ग्रंथालयाचा शिपाई भिंतीपलीकडून "हळू" सांगायला आला आणि दारात उभा राहून मान डोलवत परत गेला. पोस्टातल्या बाईंचा गुडघा दुखत नाही म्हणे. नर्सबाईंनी सगळ्यांच्या नाड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहेत, घोड्यांसारख्या आहेत."

शिवणबाई तुला आठवतात ना? पहिल्या ओळीत उजवीकडून दुसऱ्या. बासष्ट वर्षांच्या आहेत, त्यातली चाळीस वर्षं पायानं शिवणयंत्र चालवून शाळेचे गणवेश शिवले. या वर्गात कोणी खरं नाचत असेल तर त्या. आमच्या बाकीच्यांचा व्यायाम होतो. त्यांचे यजमान, रेडिओ दुरुस्तीवाले, त्यांना आणून सोडतात आणि बाकावर वर्तमानपत्र उघडून बसतात. मी दीड वर्ष बघतेय, त्या माणसानं एकदाही पान उलटलेलं नाही. नजर कुठे असते ते सांगायला नको, हातच्या काकणाला आरसा कशाला.

तर शिवणबाईंचा निरोप असा: "पोरीला कळवा, आम्ही अजून जिवंत आहोत. थोडा वेग वाढवायला सांगा." मी त्याला दुजोरा देते. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, 'सावधान-विश्राम' करून करून जीव विटला. आता जरा धावू दे.

काल तुझं जुनं स्टूल सापडलं. तुझी आई गेली, तुझ्या बापानं तुला माझ्याकडे ठेवलं आणि तो जहाजावर गेला, तेव्हाचं. मी शिट्टी वाजवायची आणि तू त्या स्टुलावर उभी राहून कॅसेट बदलायचीस. एकदा शेवटच्या संथ व्यायामाला तू मुद्दाम पळतं गाणं लावलंस. मी रागावले, बायका मात्र हसत हसत नाचत सुटल्या. तेव्हाच मी ओळखलं, ही काही माझ्या शिट्टीत राहायची नाही.

आत्या


१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

घ्या वेग! आत्तापर्यंत मधला जोराचा भाग मिनिटाला एकशे बत्तीस ठोक्यांचा होता, आता एकशे चाळीसचा केलाय. बारा मिनिटं. त्याआधी हळूहळू चढण आहे आणि शेवटची सात मिनिटं उतरती ठेवलीत, ती मात्र कुणी गाळायची नाहीत. एकशे चाळीसच्या वर मी जाणार नाही. शिवणबाईंनी लाडीगोडी लावली तरी नाही. तिथे माझी आकडेमोड पक्की आहे.

तू एकदा विचारलं होतंस की या धांगडधिंग्यात मला एवढं काय सापडलं. तेव्हा मी खांदे उडवले होते. आज सांगते. मला शब्दांची गाणी ऐकताना नेहमी वाटतं की कोणीतरी आपलं दुःख मला समजावून सांगतंय. या संगीतात कोणी काही समजावत नाही. ठेका सुरू होतो, आधी नुसता ठेका, मग त्याखाली बास, म्हणजे तो खालचा घुमणारा सूर, येतो आणि पोटात काहीतरी जागं होतं. मग मी बास काढून घेते. सगळे थांबतात, श्वास धरतात, त्यांना माहीत असतं की तो परत येणार. आणि मी तो परत देते. आत्या, गेलेली गोष्ट दर वेळी परत येते अशी ही एकच जागा मला सापडली. आई गेली, बाबा गेले, पण बास सोळा ठोक्यांनी येतोच.

आणि आता खरी बातमी. मोठ्या हॉलचा मालक लेकीला न्यायला स्केटिंगला आला होता. लेक बूट काढून तयार झाली तरी हा तिथेच उभा. मला म्हणाला, "आठ एप्रिलला एक तास वाजवून दाखवा." हजार माणसांचा हॉल! मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भिंगरी


३ मार्च

चि. भिंगरी,

मोठ्या हॉलची बातमी वाचून मी जिन्यावर बसले. खाली बसले ती आनंदानं, गुडघ्यानं नव्हे.

इकडे काय चाललंय विचारू नकोस! आम्ही उडतोय. तुझी नवी कॅसेट पहिले चार-पाच तास बरी वाटली, पण मागच्या आठवड्यातल्या बुधवारपासून तिच्यात जे काही संचारलंय ते वेगळंच. पोस्टातल्या बाई दोनदा भिंतीला टेकल्या. वर्गातल्या त्या दोन जावांपैकी थोरली धाकटीला म्हणाली, "मी मेले तर कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात आहे." आणि शिवणबाई! बाई गं, पाय जमिनीला लागतच नाहीत. घामानं निथळतात आणि हसतात. मला पहिल्यांदाच वाटलं की मी पासष्ट वर्षांची नाही.

इथे एक गंमतही झाली आहे. आत्ता सांगणार नाही, येशील तेव्हा तुझ्या कानांनाच कळेल. तूच ओळखायची.

एक तक्रार. हल्ली तास चार मिनिटं लवकर संपतो. पूर्वी एकोणपन्नास मिनिटं चालायचा, मी भिंतीवरच्या घड्याळात बघते. टेप कमी भरलीस का? मोठ्या हॉलची झालीस म्हणून आमच्यात काटकसर नको. आणि तुझी सर्दी गेली वाटतं, आवाज अगदी कोवळा येतो, स्टुलावरच्या पोरीसारखा.

आत्या


१० मार्च

प्रिय आत्या,

घाईत लिहितेय. कॅसेट मी काठोकाठ भरली होती, एक सेकंद रिकामा नाही. तुझं भिंतीवरचं घड्याळच बिघडलं असेल, ते तुझ्याइतकंच हट्टी आहे. गंमत काय ते कळवू नकोस, मला ओळखायला आवडेल.

इथे मी झोपेतही मोजतेय. कुठली तबकडी कुठल्या तबकडीत मिसळायची, कुठे श्वास द्यायचा. शेवटी काय करायचं ते ठरलं आहे. सगळ्यांना आशीर्वाद द्यायला सांग.

भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरी,

वाईट बातमी आहे, पण तू घाबरू नकोस. शिवणबाई गेल्या.

रविवारी दुपारी घरीच होत्या. गणवेशाची बाही लावायला बसल्या होत्या आणि तिथेच मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून कमजोर होतं, जिना चढतानाही झालं असतं. त्रास झाला नाही. असं मरण मागून मिळत नाही.

तू येऊ नकोस. आठ तारीख तोंडावर आली आहे, इथे येऊन करणार काय? रेडिओवाल्यांकडे मी जाऊन येते. वर्ग थोडे दिवस बंद ठेवला आहे, हॉलची रंगरंगोटी चालू आहे म्हणून.

जेवत जा. आठ तारखेला मी इथे सात वाजता घड्याळाकडे बघत बसेन.

आत्या


१२ एप्रिल

प्रिय आत्या,

मिळालं! मला घेतलं! दर शनिवारी, संध्याकाळी सात ते दहा.

कसं सांगू. पहिली दहा मिनिटं लोक गप्पाच मारत होते. मग मी तू वर्गात करतेस तसं केलं. समोर कोण उभं आहे ते बघितलं आणि त्यांच्या पायांपासून सुरुवात केली. विसाव्या मिनिटाला सगळा हॉल एका अंगानं हलत होता. शेवटच्या दहा मिनिटांत मी मनात म्हटलं, हे शिवणबाईंचं. आणि वेगाचं बटण हळूहळू, कुणाला कळणार नाही असं, पार टोकापर्यंत ढकललं. हजार माणसं, आत्या! ओरडत होती, रडत होती. मीही रडले. त्यांना "अजून जिवंत आहोत" असं म्हणायचं होतं ना, ते मी त्यांच्या वतीनं म्हटलं.

वीस तारखेला येते. एकच दिवस. रेडिओवाल्यांनाही भेटायचं आहे.

भिंगरी


२ मे

आत्या,

त्या दिवशी चहा तसाच टाकून मी निघाले. तू दूध आणायला खाली गेली होतीस. परत आलीस तेव्हा मी चपला घालत होते आणि तू विचारलंस, "कुणाचा फोन आला का?" मी हो म्हटलं. फोन आला नव्हता.

तू खाली गेलीस तेव्हा, वर्ग बंद म्हणून तू घरी आणून ठेवलेला कॅसेट-प्लेअर मी लावला. सहज. तू म्हणाली होतीस ना, गंमत तूच ओळखायची. ओळखली. "एक, दोन, तीन, चार" आलं ते चिमणीच्या आवाजात. इथे माझ्या खोलीत भरताना येतं तसंच. मी टेप पुढे ढकलून जोराच्या भागाचे ठोके मनगटावरच्या घड्याळावर मोजले. एकशे एक्कावन्न. पुन्हा मोजलं. एकशे एक्कावन्न.

यंत्र दुरुस्त झालं आहे. नवा पट्टा आहे. आणि माझी कॅसेट जुन्या पट्ट्यासाठी आठ टक्के जलद भरलेली आहे.

तुझ्याकडून निघाले ती वर्गाच्या हॉलवर गेले, तिथे जिन्यात नर्सबाई भेटल्या. हात धरून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्याच गाण्यावर हसत हसत गेल्या, पहिल्या ओळीत." हॉलला रंग लावल्याचा कुठे मागमूस नव्हता.

तू मला कळवलंस, रविवारी दुपारी, घरी, बाही लावताना. बाही कुठून सुचली तुला?

मला तीन गोष्टी कळव. पट्टा कधी बदलला. कुणी बदलला. आणि त्या कधी, कशा गेल्या. यातलं काही गाळलंस तर मी पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही.


९ मे

भिंगरी,

विचारलंस तसं सांगते.

पट्टा रेडिओवाल्यांनी बदलला. बावीस फेब्रुवारीला, बुधवारी, वर्गाआधी. बायकोच्या वाढदिवसाची भेट म्हणून. सहा वाजताच येऊन त्यांनी यंत्र उघडलं, साफ केलं, तेल दिलं. वर्षभर त्यांना ते रडतरडत चालणं ऐकवत नव्हतं म्हणे, कामाच्या माणसाचा कान. मी त्यांना म्हटलं, "भाचीला सांगणार नाही, तिला चकित करू."

शिवणबाई चोवीस मार्चला, शुक्रवारी सकाळी साडेसातच्या सुमारास पडल्या. जोराच्या भागाचं नववं मिनिट चालू होतं. त्यांनी हात वर केला, मला वाटलं पुढची हालचाल जरा आधीच केली. मी शिट्टीसुद्धा वाजवली. मग त्या खाली बसल्या. नर्सबाईंनी छाती दाबली, खूप वेळ दाबली. कॅसेट बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ती चालूच होती. ती आपणहून संपली तेव्हा मला शांततेची भीती वाटली.

बाही खरी होती. त्यांच्या यंत्रावर अर्धी लावलेली राहिली आहे.

आता जे तू विचारलं नाहीस ते. तुझं जानेवारीचं पत्र माझ्या उशाशी होतं. "दोन चुकांचं एक बरोबर" हे मी वाचलं होतं. पट्टा बदलल्यावर त्याच दिवशी वर्गात तुझा आवाज कोवळा आला तेव्हा माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं. तू सात वर्षांची असल्यापासून तुझा आवाज ऐकतेय मी, मला कळणार नाही? पण मी ते तिथेच दाबलं. कारण मला आवडत होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा अंगात कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटत होतं. अति तिथे माती हे मी तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिलं, आणि स्वतःच्या वर्गात माती केली.

तू कॅसेट भरलीस ती प्रेमानं, त्यांनी पट्टा बदलला तोही प्रेमानं. दोन्ही गोष्टी माहीत असलेली एकटी मी होते. खोटं लिहिलं ते आठ तारखेसाठी. तुझं सगळं त्या आठ तारखेवर होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच लिहीन.

तू वाजवायचं सोडू नकोस. एवढंच मागते.

आत्या


४ जून

आत्या,

दोन्ही गोष्टी माहीत असलेली तू एकटी नव्हतीस.

तुझं तीन मार्चचं पत्र काढून बघितलं. "तास चार मिनिटं लवकर संपतो." हे तू मला स्वच्छ लिहिलं होतंस. पंचेचाळीस मिनिटांची टेप सैल पट्ट्यावर एकोणपन्नास मिनिटं चालते. ती पंचेचाळीस मिनिटांत संपू लागली याचा अर्थ एकच होतो, आणि तो या जगात ज्या एका बाईला कळायला हवा होता ती मी. मोजणं हा माझा धंदा आहे. आवाज कोवळा झाला हेही तू लिहिलंस. माझ्यासमोर सगळं मांडून ठेवलेलं होतं आणि मी उत्तर दिलं, घड्याळ बिघडलं असेल. मधे दोन आठवडे होते, आत्या. एक फोन पुरला असता. काखेत कळसा आणि मी हजार माणसांच्या मागे पळत होते.

तू म्हणतेस सोडू नकोस. मी प्रयत्न केला. नऊ मेनंतरच्या दुसऱ्या शनिवारी जोराचा भाग आला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं छातीवर हात ठेवला. ती हसत होती नुसती, मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून. मी सुई उचलली. सगळा हॉल एकदम थांबला. मी पुन्हा सुई ठेवायला गेले तर हात हलेना. लोक आधी हसले, मग ओरडू लागले. मालक वर आला, चांगला माणूस आहे, म्हणाला, "बरं नाही का?" मी म्हटलं, हो. त्यानंतर गेले नाही.

स्केटिंगच्या हॉलमध्येही जमलं नाही. पोरं फिरत होती आणि मी त्यांचे श्वास मोजत होते. बास काढून घेतला की तो परत द्यायचं धैर्य होत नाही. तो परत येतो असं मी तुला लिहिलं होतं. खोटं आहे ते. तबकडीवर येतो, एवढंच.

टर्नटेबल देऊन टाकली. आता कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे, इस्पितळांच्या चादरी येतात. इथली यंत्रंही ठेक्यात फिरतात, म्हणून मी कानात कापूस घालते.

रेडिओवाल्यांना हे सांगू नकोस. त्यांनी बायकोला भेट दिली, एवढंच त्यांच्यापाशी राहू दे. निदान एक माणूस तरी यातून सुटू दे.

महिनाअखेर खोली सोडतेय. नवा पत्ता कळवणार नाही. तू पत्र लिहिशील, "सोडू नकोस" म्हणशील, आणि मला ते वाचवणार नाही.

जपून राहा. जिना सावकाश चढत जा.


२८ जुलै

भिंगरी,

मागची दोन्ही पत्रं परत आली, पाकिटावर लाल पेन्सिलनं 'खोली सोडली' लिहून. म्हणून हे स्केटिंगच्या हॉलवर, तिकीटवाल्याच्या नावे टाकतेय. त्यानं तुला बाजारात कुठे बघितलं तर देईल. न दिलं तर निदान परत तरी येईल. मी ते पेटीत ठेवीन.

तुझं ऐकलं, रेडिओवाल्यांना काही सांगितलं नाही. तेच आले. जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता, वर्गाच्या वेळेला, वर्तमानपत्र न घेता. वर्ग आता नाही. मी उघडून बघितला होता, तिघी आल्या, मग एकट्या नर्सबाई आल्या, मग कुणीच नाही. तरी मी किल्ली घेऊन जाते. कुठे जाऊ दुसरीकडे?

बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला तोंड चुकवता म्हणून आलो. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटलं, "काय कळलं होतं?"

"टेप जलद आहे ते. पट्टा घालून लावली आणि पोरीचा आवाज बारीक आला. तीस वर्षं हेच काम करतो, मला नाही कळणार? म्हटलं, मोटारीचा पेच थोडा फिरवून हळू करून देतो. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. स्क्रू-ड्रायव्हर हातात होता. ही म्हणाली, हात लावू नका."

 ते हाताकडे बघत पुढे बोलू लागले.

"म्हणाली, चाळीस वर्षं या पायांनी यंत्र चालवलं, लोकांच्या पोरांसाठी. आता कुठे पाय माझ्यासाठी हलतायत. मी तिला एवढी खूश कधी पाहिली नव्हती बाई. म्हणून पेच फिरवला नाही. आणि ती घरी येऊन दर वेळी अर्धा तास आडवी पडायची, तेही तुम्हाला सांगितलं नाही. तिनंच सांगू नका म्हटलं होतं."

तुझ्या डोक्यावरचा भार हलका होईल म्हणून मी हे लिहायला बसले. त्यांच्यासमोर मात्र मला तसं वाटलं नाही. तो माणूस हे चार महिने एकटा घेऊन बसला होता. तुला वाटत होतं तो तरी सुटला. त्यांना वाटत होतं आपण दोघी तरी सुटलो. मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "पोरीला म्हणावं, तिनं वाजवलं पाहिजे." आणि मग मान हलवून म्हणाले, "नको. काही म्हणू नका."

पुढच्या सोमवारी ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. जुना पट्टा त्यांनी टाकला नव्हता, डबीत होता, दुरुस्तीवाले काही टाकत नाहीत. नवा काढला, तो सैल पट्टा परत घातला.  

तेव्हापासून दर सोमवारी ते येतात. बाकावर त्यांच्या जागी बसतात. मी शिट्टी गळ्यात घालून माझ्या जागी खुर्ची घेते आणि बटण दाबते. तुझा आवाज येतो, एक, दोन, तीन, चार. अगदी तुझाच, चिमणीचा नाही. ठेका येतो, मग बास. बरोबर एकशे चाळीस, मी मोजायला शिकले. पहिल्या ओळीत उजवीकडून दुसरी जागा आम्ही दोघंही बघत नाही. शेवटचा उतरता भागही ऐकतो, तू गाळायचा नाही म्हटलं होतंस.

तास आता पुन्हा पुरा एकोणपन्नास मिनिटं चालतो. शेवटच्या चार मिनिटांत काय करायचं ते आम्हाला दोघांनाही कळत नाही.

आत्या